नदीचे मूळ विचारावे

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले आहेत. ऋषींच्या कुळाचा प्रश्न आम्ही पंडितांवर सोपवतो. नदीच्या बाबतीत मात्र आमचे मत निराळे आहे. ज्याला नदीच्या धारेशेजारच्या कड्याला हात घालावयाचा आहे, त्याने तिचे मूळ अवश्य विचारले पाहिजे. ते कोठे आहे, केवढे आहे आणि काल रात्री तेथे काय झाले, हे जाणून घेतल्यावाचून कड्याकडे वळूही नये.

हा विषय या महिन्यात घेण्याचे कारण एका वाचकभगिनीचे पत्र होय. त्यांचे माहेर खानापूर तालुक्यातले, वास्तव्य बेंगळूरला. त्यांचे चिरंजीव नोकरीस लागले आहेत आणि तेथील एका कृत्रिम भिंतीवर प्रस्तरारोहणाचे धडे गिरवीत आहेत. दसरा-दिवाळीच्या सुटीत मामाच्या गावी येऊन मित्रांसमवेत धबधब्याशेजारच्या कड्यावर चढाई करण्याचा त्यांचा मानस आहे. मातोश्री लिहितात, "नको म्हणावे तर न सांगता जाईल; हो म्हणावे तर तो परत येईपर्यंत जीव टांगणीला लागेल. ज्यांना यातले काही कळत नाही, अशा आम्ही काय विचारावे आणि कशावरून ठरवावे?"

प्रश्न एका घरचा नाही. आपल्या समाजातील किती तरी कुटुंबांची मुले आज बेंगळूर, पुणे, हैदराबाद येथे स्थिरावली आहेत, आणि सुटीत गावी आली की त्यांचे पाय रानाकडे वळतात. ते वळावेत, असेच आम्हांस वाटते. ज्या मुलखाशी आपले नाते केवळ सातबाऱ्यापुरते उरत चालले आहे, तो मुलूख मुलांनी पायाखाली घालावा, यासारखे दुसरे भूगोलाचे शिक्षण नाही. पण हे शिक्षण जिवावर बेतू नये, यासाठी परिस्थिती पारखण्याची विद्या आधी शिकली पाहिजे, आणि ती विद्या अंगबळापेक्षा निरीक्षणाची अधिक आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीचा माथा येतो. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेची वाट धरून कूडलसंगमाला कृष्णेस मिळते. तिकडे भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई पश्चिमेस उतरते आणि गोव्यात मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्रात विलीन होते. एकाच रानावर पडलेल्या पावसाची एक सर बंगालच्या उपसागराची वाटसरू होते, दुसरी अरबी समुद्राची. जांबोटीच्या पलीकडे गवळी आणि चापोली या गावांच्या दरम्यान म्हादई सुमारे २०० फूट खाली झेप घेते, तोच वज्रपोहा धबधबा. याखेरीज चोर्ल्याच्या आणि कणकुंबीच्या परिसरात पावसाळ्यात किती ओहोळ कड्यांवरून उड्या घेतात, त्यांची गणती नाही. याच मांडवीच्या परिवारातील दूधसागर तर ३१० मीटर उंचीचा असून कॅसलरॉक ते कुळे या घाटातल्या रेल्वेमुळे तो साऱ्या देशाला ठाऊक आहे.

या धबधब्यांच्या माथ्यावर बहुधा मोकळा माळ असतो. कोकणात आणि गोव्यात त्यास सडा म्हणतात. वर जांभ्या दगडाचे टोपण, त्यावर वीतभर माती, तीवर गवत आणि पावसाळ्यात उमलणारी चिमुकली फुले. आमच्या भागात घरांच्या भिंती ज्या जांभ्याच्या चिऱ्यांनी उभ्या राहिल्या, तोच हा दगड. तो सच्छिद्र असतो, हे ज्याने ओला चिरा उचलला आहे त्यास सांगावयास नको. संपूर्ण पावसाळाभर हा माळ पाणी पिऊन घेतो आणि पाऊस ओसरल्यावर कित्येक आठवडे ते हळूहळू कड्याच्या भेगांतून सोडीत राहतो. म्हणून धबधब्याची मुख्य धार बारीक झाली, आकाश निरभ्र झाले, तरी बाजूचा कडा कोरडा झाला असे समजू नये. धार दिसते, पाझर दिसत नाही.

इंग्लंडमध्ये डर्बीशर परगण्यात किंडर स्काउट नावाचे असेच एक पठार आहे. त्याच्या कडेवरून किंडर डाउनफॉल हा सुमारे ३० मीटरचा धबधबा पडतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खरबरीत वालुकाश्मावर तेथील प्रस्तरारोहक फार पूर्वीपासून चढत आले आहेत. तेथे जांभा नाही. परंतु कुजलेल्या वनस्पतींचा पीट नावाचा थर माथ्यावर पसरलेला आहे आणि तोही स्पंजासारखे पाणी धरून ठेवतो. त्यामुळे तेथेही पाऊस थांबल्यावर कडा लगेच वाळत नाही. याच पठारावर सामान्य माणसास फिरण्याचा हक्क मिळावा, म्हणून २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार तरुणांनी मनाई मोडून सामुदायिक प्रवेश केला होता. डोंगरावर जाण्याची ओढ ही केवळ चैनीची गोष्ट नसते, हे यावरून ध्यानात यावे.

आता पाण्याचा हिशेब मांडू. हा हिशेब आठवीच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखा आहे. धबधब्यावर ज्या माळाचे पाणी उतरते, तो केवळ १ चौरस किलोमीटरचा धरा, म्हणजे १० लक्ष चौरस मीटर. त्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस कोसळला. घाटमाथ्यावर अशी सर काही नवलाची नव्हे. एकूण पाणी झाले ५० हजार घनमीटर, म्हणजे ५ कोटी लिटर. त्यातले निम्मे जमिनीत मुरले असे उदारपणे मानले, तरी अडीच कोटी लिटर उरतात. ते एका घळीतून तासाभरात खाली उतरावयाचे, तर दर सेकंदास सुमारे ७ हजार लिटर पाणी आले. त्याचे वजन सात टन. आपल्याकडे उन्हाळ्यात वस्तीवर येणारा पाण्याचा टँकर डोळ्यांपुढे आणा आणि तसा एकेक टँकर दर सेकंदास डोक्यावर रिता होत आहे, अशी कल्पना करा. शिवाय वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर पाण्यात मघाशी उभा राहिलेला मनुष्य थोड्याच वेळाने तितक्याच पाण्यात उभा राहू शकत नाही, याचे कारण हे आहे.

सर्वांत घातक गोष्ट अशी की हा पाऊस आपल्या डोक्यावर पडावा लागत नाही. लहान ओढ्यांना माथ्यावरची एक सर पुरते आणि पाणी काही मिनिटांत खाली पोहोचते. मोठ्या नद्यांचे गणित लांबचे असते. गोकाकचा धबधबा घ्या. घटप्रभा तेथे ५२ मीटर, म्हणजे सुमारे १७० फूट खाली पडते. गोकाक हा कमी पावसाचा मुलूख. तेथे ऊन पडलेले असते. पण घटप्रभेचे पाणी सह्याद्रीचे. तिला मिळणारी हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते. वर हिडकलचे धरण आहे, त्यातून पाणी सोडले जाते. तेव्हा गोकाकला उभे राहून आकाशाकडे पाहणे व्यर्थ होय. तेथे आंबोलीचा पाऊस आणि हिडकलचे दरवाजे विचारावयाचे असतात. नदीचे मूळ विचारावे, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

पाणी वाढण्यापूर्वी ते काही खुणा देते, त्या प्रत्येकाने पाठ कराव्यात. नितळ पाणी एकाएकी गढूळ होऊ लागणे. काटक्या, पाने, फेस वाहून येऊ लागणे. आवाजाचा पोत बदलून त्यात घरघर येणे. मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसणे. या चारांपैकी एक जरी दिसली तरी त्या क्षणी पात्रातून बाहेर पडून उंच जागी जावे, सामानाचा मोह धरू नये. पाचवी खूण याहून फसवी आहे. चालू पाणी अकस्मात कमी झाले, तर आनंद मानू नये. वर एखादे झाड किंवा दरड आडवी पडून पाणी तुंबले असण्याची शक्यता असते, आणि ते फुटले म्हणजे सारे एकदम येते. जुन्या पुराच्या खुणाही कडा स्वतः दाखवीत असतो. काठच्या झुडपांत अडकलेला पाचोळा किती उंचीवर आहे, खडकावर शेवाळ नसलेला घासून लख्ख झालेला पट्टा कोठवर गेला आहे, ते पाहावे. तेथवर पाणी येऊन गेलेले आहे, म्हणजे ते पुन्हा येऊ शकते. मुक्कामाची, जेवणाची आणि दोर सांभाळणाऱ्याची जागा त्या रेषेच्या वरच असावी.

कालाचा विचार आपल्या शेतकऱ्यांनी केव्हाच करून ठेवला आहे. ८ जूनच्या सुमारास मृग लागतो. मृगापासून उत्तरा नक्षत्र सरेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर अखेरपर्यंत, धबधब्याशेजारी चढाईचा विचारही मनात आणू नये. तो काळ धबधबा दुरून पाहण्याचा. २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त येतो. हत्तीचा पाऊस सोंडेने फेकल्यासारखा पडतो, हे शेतकरी जाणतो. चित्रा आणि स्वाती या नक्षत्रांत, म्हणजे १० ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, परतीचा पाऊस असतो. सकाळ सोन्यासारखी उजाडते, दुपारी ढग चढतात आणि सायंकाळी गडगडाटासह सर येते. उघड्या माळावर विजेचे भय असते ते वेगळेच. नेमकी हीच दसरा-दिवाळीची सुटी. भगिनींच्या पत्राचे उत्तर निम्मे येथेच आले. आमच्या मते कार्तिक उलटल्यावर मार्गशीर्षापासून माघापर्यंत, म्हणजे साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, हा या कड्यांवरचा योग्य काळ होय. मार्चनंतर खडक तापतो, आणि एप्रिल-मेमध्ये वळिवाच्या सरी व विजा सुरू होतात.

योग्य महिना आला म्हणजे प्रत्येक कडा योग्य झाला, असे नाही. कड्याचे तोंड कोणत्या दिशेस आहे, ते पाहावे लागते. खानापूर सुमारे साडेपंधरा उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या २१-२२ तारखेस माध्यान्हीचा सूर्य येथे दक्षिणेच्या बाजूस क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवर असतो. अर्थात उत्तरेकडे तोंड असलेल्या उभ्या कड्यास त्या दिवसांत ऊनच लागत नाही. दक्षिणाभिमुख कडा आधी वाळतो, पश्चिमाभिमुख दुपारनंतर वाळतो, पूर्वाभिमुख सकाळी वाळतो. उत्तराभिमुख कडा, त्यातून तो घळीत आणि झाडीच्या सावलीत असला तर, फेब्रुवारीपर्यंतही बुळबुळीत राहू शकतो. पहाटेचे धुके आणि दंव हे घाटमाथ्याचे नित्याचे पाहुणे. ते कड्यास रोज नव्याने ओले करतात. म्हणून सकाळी लवकर निघावे, परंतु हात लावण्यापूर्वी ऊन चांगले वर येऊ द्यावे.

त्यानंतर खडकाची जात. आपल्या भागात तीन जातींचे खडक ओळखता आले पाहिजेत. जांभा ठिसूळ, त्याचे कोपरे हातात येतात. त्यावर मेख मारून दोर बांधणे म्हणजे भुसभुशीत भिंतीला खुंटी ठोकून तीवर धान्याची गोणी टांगणे होय. कड्याचा माथा जांभ्याचा असेल, तर दोर त्या काठाच्या भरवशावर टाकू नये. मागे जाऊन जाड, जिवंत, खोल मुळांचे झाड शोधावे. दुसरा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट. सह्याद्रीतले बहुतेक प्रस्तरारोहण याच खडकावर चालते. तो कठीण खरा. परंतु त्याला उभ्या चिरा असतात, पावसाच्या पाण्याने त्या चिरांतले दगड सैल होतात, आणि दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा मऊ पट्टा येतो. पहिल्या पावसाळ्यानंतरचा कडा गेल्या वर्षीचा राहिलेला नसतो. प्रत्येक धोंडा धरण्याआधी तळहाताने थोपटून ऐकावा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर त्यास सोडावे.

तिसरा वालुकाश्म. तो गोकाककडे आणि पुढे बदामीला भेटतो. बदामीच्या तांबूस वालुकाश्मावर देशभरचे प्रस्तरारोहक चढाईस येतात. या खडकाविषयी एक गोष्ट भल्याभल्यांना ठाऊक नसते. भिजल्यावर तो नुसता निसरडा होत नाही, तर आतून दुबळा होतो. कोरडा असताना माणसाचे वजन पेलणारी कपार ओली असताना मोडून येते. वरून वाळला तरी आत ओल राहते. म्हणून जाणकार पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवस त्यास हातही लावीत नाहीत. येथे प्रश्न केवळ स्वतःच्या जिवाचा नाही. मोडलेली कपार पुन्हा उगवत नाही. आणि जेथे शिल्पे, लेणी, देवळे असतील, तो पाषाण पूर्वजांचा वारसा म्हणून सोडून द्यावा, हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

खडक कोरडा आहे की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नये. काळा पाषाण ओला असो वा कोरडा, दुरून काळाच दिसतो. तळहात दोन मिनिटे दाबून धरावा. गारवा आणि ओल हातास कळते. जुन्या धोतराचा किंवा पंचाचा तुकडा चिरेत खुपसून बाहेर काढावा. तो ओला आला तर त्या चिरेतून पाझर चालू आहे. उन्हाने वाळलेले शेवाळ काळ्या पापुद्र्यासारखे चिकटलेले असते आणि अगदी खरबरीत लागते. त्यावर चार थेंब पडले की तेच साबणासारखे होते. ते चार थेंब कोठून येणार, याचे उत्तर वाऱ्याकडे असते.

धबधब्याचा वारा हा एक स्वतंत्र विषय आहे. पडणारे पाणी आपल्याबरोबर हवा खेचून आणते आणि पायथ्याशी ती चोहीकडे फाकते. तिच्याबरोबर तुषार जातात. त्यात डोंगराचा वारा मिसळला की तुषारांची दिशा क्षणोक्षणी पालटते. आंबोलीजवळ कावळेसादला आणि नाणेघाटात पावसाळ्यात दरीतून येणारा वारा पाण्याची धार उलटी वर उधळतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. वर सांगितलेल्या किंडर डाउनफॉलचीही तीच ख्याती आहे. म्हणून चढाईपूर्वी किमान अर्धा तास स्वस्थ बसून तुषार कोठवर पोहोचतात, ते पाहावे. दुपारी वारा फिरला तर कोणता भाग भिजेल, त्याचा अंदाज घ्यावा. तरुणांना हा अर्धा तास फार जड जातो. पण त्या अर्ध्या तासात जे कळते, ते अर्ध्या कड्यावर लोंबकळताना कळून उपयोग नसतो.

साधनांविषयी थोडक्यात. नायलॉनचा दोर भिजला की जड होतो आणि त्याची धक्का सोसण्याची शक्ती लक्षणीय प्रमाणात घटते. धबधब्याच्या गाजेत वरच्याची हाक खालच्याला ऐकू जात नाही. म्हणून शिटीच्या खुणा आधी ठरवून, एकमेकांकडून म्हणवून घ्याव्यात. अलीकडे पाण्याच्या धारेतूनच दोराने उतरण्याचे, ज्यास रॅपलिंग म्हणतात त्याचे, प्रस्थ वाढले आहे. धारेत दोर अडकला तर मनुष्य जागच्या जागी लटकतो आणि पाणी त्याच्या तोंडा-नाकावर आदळत राहते. अशा वेळी त्यास मोकळे कसे करावयाचे, हे ज्या चमूतील दोघांना तरी येत नाही, त्यांनी धारेत उतरू नये. डोक्यावर शिरस्त्राण हवेच. पाण्याबरोबर वरून दगडही येतात.

रानाचे आणखी काही मालक आहेत. पावसाळा सरला की उंच कड्यांच्या कपारींत आग्या मधमाशा पोळी बांधतात, आणि पाणी जवळ असलेला कडा त्यांच्या विशेष आवडीचा. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा यांनी त्या खवळतात. दोरावर लटकलेल्या मनुष्यास पळण्यास जागा नसते. दुर्बिणीतून कडा न्याहाळावा आणि पोळे दिसले तर त्या दिवशीचा बेत रद्द करावा. ओल्या कपारीत हात घालण्यापूर्वी काठीने चाचपावे, कारण हिरव्या चापड्यासारखे साप अशा ठिकाणी निवांत पहुडलेले असतात.

हे सारे वाचून कोणी म्हणेल की, आमची मुले कड्यावर चढणार नाहीत, नुसती पाण्यात उतरतील, मग एवढा ऊहापोह कशास? दुर्दैवाने दुर्घटना अधिक घडतात त्या अशाच. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात वर्षासहलीस आलेले एक कुटुंब पाण्याच्या मधोमध अडकले आणि एक स्त्री व चार मुले अशी पाच माणसे वाहून गेली. पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत वाढत गेले. त्याआधी २६ नोव्हेंबर २०२२ रोजी आपल्या शेजारच्या चंदगड तालुक्यात किटवाडच्या धबधब्यापाशी बेळगावच्या चार विद्यार्थिनी पाण्यात पडून बुडाल्या. महिना नोव्हेंबरचा होता, हे ध्यानात घ्यावे. पावसाळा संपला म्हणजे भय संपले, असे नसते. ज्या घरांतून त्या मुली गेल्या, त्या घरांचे दुःख आपल्या गावचे दुःख आहे. येथे दोष देण्यासाठी नव्हे, तर आणखी कोणाच्या घरी तसा दिवस येऊ नये म्हणून ही आठवण काढली.

अशा प्रसंगांनंतर सरकार बंदी घालते. जुलै २०२३ मध्ये गोव्याच्या वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांकडे जाण्यास मनाई केली, आणि त्याच महिन्यात दूधसागरला रुळांवरून चालत जाणाऱ्यांना रेल्वेच्या पोलिसांनी अडविले. आमच्याकडील भीमगडचे रान २०११ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरतो. बंदीचा आदर राखलाच पाहिजे. परंतु बंदी पाटीवर असते आणि समज डोक्यात असते. पाटी सर्वत्र लावता येत नाही. म्हणून घरांनी आणि शाळांनी समज देण्याचे काम केले पाहिजे. पोहणे शिकविण्यापूर्वी आपण पाण्याची भीती घालतो, मग हळूहळू भीतीच्या जागी जाण आणून देतो. डोंगराच्या बाबतीत आपण भीती घालून थांबतो, आणि मुले मोठी झाली की ती भीती झुगारून देतात. जाण मात्र कोणी दिलेलीच नसते.

ही जाण आमच्या वाड्यापाड्यांतून अद्याप शिल्लक आहे. माळावर गुरे राखणारे गवळी-धनगर आणि ओढ्याकाठी भातशेती करणारे शेतकरी यांना कोणत्या ओहोळाला किती वेळात लोंढा येतो, कोणत्या दगडापर्यंत पाणी चढले की पलीकडे जावयाचे नाही, हे तोंडपाठ असते. शहरातून आलेल्या तरुणाने गावात शिरल्यावर प्रथम अशा एखाद्या वडीलधाऱ्यास 'मामा, काल वर पाऊस झाला का?' एवढे विचारावे. त्यांनी 'आज नको' म्हटले, तर वाद घालू नये. त्यांचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही, आणि ती पिढी सरत चालली आहे. जांबोटीच्या रानात पुष्कळ ठिकाणी फोनला रेंज नसते; जखमी मनुष्यास खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावे लागते आणि तेथून पुढे खानापूर, बेळगाव गाठावे लागते. त्या वेळी खांदा देणारेही हेच लोक असतात.

तेव्हा आमच्या वाचकभगिनींनी चिरंजीवांस पुढील गोष्टी विचाराव्यात. कोणता कडा, त्याचे तोंड कोणत्या दिशेस, खडक कोणता? धबधब्याचे पाणी कोठून येते, आणि वर धरण अथवा बंधारा आहे काय? गेल्या तीन दिवसांत वर पाऊस झाला काय, हे कोणास विचारले? चमूत किती जण आहेत, आणि खऱ्या कड्यावर ज्याने पुष्कळ वर्षे काढली आहेत असा त्यांत कोण? वनखात्याची परवानगी कोठे आहे? परत कधी येणार, आणि त्या वेळेपर्यंत न आल्यास गावात कोणास कळवावयाचे? अखेरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: काय दिसले म्हणजे कड्याला हात न लावता परत फिरणार? पहिल्या प्रश्नांची उत्तरे हुशार मुलगा पाठ करून देईल. अखेरच्या प्रश्नाचे उत्तर ज्याने आधी विचार केला आहे त्यालाच देता येते. ते उत्तर निःशंक आणि नेमके आले, तर त्यास जाऊ द्यावे. मुलाने थोडे अडखळून 'तसे काही होणार नाही, आई' असे म्हटले, तर या वर्षी नको, असे प्रेमाने परंतु ठामपणे सांगावे. कृत्रिम भिंतीवर हात-पाय तयार होतात. पाणी, वारा आणि कच्चा खडक यांची ओळख तेथे होत नाही.

आमची स्वतःची सूचना अशी की दिवाळीत त्यांनी आजोळी यावे, फराळ करावा, आणि दोर घरी ठेवून, रीतसर परवानगी काढून, गावातल्या एखाद्या जाणत्या गृहस्थासमवेत कडा नुसता पाहून यावे. अर्धा दिवस तेथे बसावे. पाझर कोठे आहेत, ऊन कोठे येते, मधमाशांची पोळी कोठे आहेत, पुराची रेघ कोठवर आहे, ते वहीत टिपावे. मग जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, अनुभवी माणसांबरोबर पुन्हा यावे आणि वही उघडून ताडून पाहावे. कडा तेथेच असतो. त्याला आपली घाई नसते.

जानेवारीत ते जाऊन सुखरूप परतले, की त्यांच्या वहीतील टिपणे आम्हांस धाडावीत, अशी विनंती आहे. या सदरातून ती आनंदाने छापू. पुढच्या वर्षी ज्यांची मुले हट्ट धरतील, त्या मातापित्यांना ती उपयोगी पडतील.